पंख्याखालची खुर्ची

उमाशंकर अप्पा कायमचे नांदेडला मुलाकडे राहायला निघाले, त्या दिवशी विरंगुळा केंद्रात सगळ्यांचेच डोळे पाणावले. ग्यानोबा भाऊसाहेबांचेही पाणावले. फक्त बाकीच्यांचे डोळे अप्पांकडे होते आणि भाऊसाहेबांचे अप्पांच्या खुर्चीकडे.

लातूरच्या त्या कॉलनीतल्या केंद्रात प्लास्टिकच्या खुर्च्या चाळीस आणि सागवानी खुर्ची एक. पंखे चार. त्यातला एकच वारा द्यायचा, बाकीचे तिघे नुसते फिरायचे. सागवानी खुर्ची नेमकी त्या एकाखाली, आणि रेग्युलेटर असा की बसल्या जागेवरून हाताला यावा. ज्येष्ठ नागरिक संघाच्या रिवाजाप्रमाणे ही खुर्ची वयाने सर्वांत मोठ्या सभासदाची. चहाचा पहिला कप त्याला, पेपर आधी त्याच्या हातात, आणि पंखा किती नंबरवर ठेवायचा ते तोच ठरवणार. मे महिन्यातल्या लातुरात हा अधिकार कलेक्टरलासुद्धा नसतो.

भाऊसाहेब म्हणजे रिटायर तलाठी आणि संघाचे सचिव. चार वर्षं त्यांनी त्या खुर्चीकडे, बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्याने शेजारच्या विहिरीकडे बघावं, तसं बघितलं होतं. अप्पांनी सामान बांधायला घेतल्याचं कळताच त्यांनी केसांना कलप लावणं बंद केलं. महिनाभरात डोकं पांढरंशुभ्र झालं. सगळी तयारी जय्यत.

अडचण एकच होती, महादेवप्पा. संघाचे अध्यक्ष, पूर्वी अडत दुकानात मुनीम. कागदावर पंच्याहत्तर वर्षांचे, पण तोंडाने चौऱ्याऐंशीचे. "रझाकाराच्या टायमाला मी बैलगाडी हाकत हुतो की!" असं ते प्रत्येक सभेत सांगत, आणि सभेगणिक गाडीला आणखी एक बैल जोडत. म्हणून भाऊसाहेबांनी दोन वर्षांपूर्वीच संघाच्या नियमावलीत चौथा नियम घालून ठेवला होता : 'वयाचा पुरावा म्हणून फक्त आधार कार्ड ग्राह्य धरले जाईल. तोंडी माहिती, पंचांचा जबाब अथवा नातेवाइकाची साक्ष चालणार नाही.' भाऊसाहेबांच्या आधारवर १ जून १९४८. शाळेत गुरुजींनी घातलेली तारीख. संघातल्या सव्वीस जणांची हीच तारीख होती, त्यामुळे वाढदिवसाचा केक एकच लागे. पण सालात भाऊसाहेब सगळ्यांच्या पुढे होते.

सोमवारी महादेवप्पांनी ज्येष्ठतेची यादी वाचली.

"एक नंबर. सिंधुबाई ग्यानोबा. जन्मतारीख एक जानेवारी एकोणीसशे पंचेचाळीस. वय ऐंशी."

टाळ्या पडल्या. भाऊसाहेबांनीही सवयीने दोन वाजवल्या. तिसरीला त्यांच्या ध्यानात आलं की ही आपली बायको.

झालं असं होतं. आधार कार्डं निघाली तेव्हा शाळेत कॅम्प होता, लांबलचक रांग होती, ऊन होतं. ऑपरेटरने विचारलं, "आजींची जन्मतारीख?" सिंधुबाई कधी शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. भाऊसाहेब म्हणाले, "ल्ह्या हो काहीबी. तिचं वय कोन बघायलंय?" पोराने सिंधुबाईंचे पांढरे केस बघितले आणि मनाला येईल ते साल टाकलं. पुढे यंदा चैत्रात माहूरच्या सहलीसाठी बायकांना सभासद करून घ्यायचं ठरलं, तेव्हा तिचा फॉर्म भाऊसाहेबांनीच भरला. आधारवरून नक्कल केली. आयुष्यभर नकला करताना मजकूर वाचायचा नाही, ही त्यांची शिस्त होती.

"अवो, ही चूक हाय!" भाऊसाहेब उठले. "माझी बायको माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी कशी आसंल?"

"ते तुमी लग्नाआधी बघायचं हुतं, भाऊसाहेब," महादेवप्पा म्हणाले. "एक जूनला सत्कार. फेटा, शाल, श्रीफळ. तवर बाईंनी खुर्चीवर बसून सवय करावी."

सिंधुबाई आधी नको नको म्हणाल्या. मग बसल्या. मग त्यांनी हात लांबवून पंखा पाचवर केला.

त्यानंतरचे दिवस भाऊसाहेबांना कसे गेले, ते त्यांचं त्यांनाच माहीत. पहिला चहा सिंधुबाईंना. घरी साठएक वर्षं ज्या हातांनी भाऊसाहेबांना चहा दिला, ते हात आता खुर्चीच्या हातांवर विसावलेले, आणि भाऊसाहेब रांगेत सतरावे. पेपरही आधी सिंधुबाईंकडे. त्यांना वाचता येत नाही, म्हणजे तो लगेच आपल्याकडे येईल, असा भाऊसाहेबांचा हिशेब. पण सिंधुबाई म्हणाल्या, "महादेवप्पा, वाचून दावा की." आणि महादेवप्पा शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांना पेपर वाचून दाखवू लागले. पहिल्या पानापासून निविदा सूचनांपर्यंत. मधूनमधून सिंधुबाई "आगं बया!" म्हणत. हे 'आगं बया' भाऊसाहेबांनी घरात कितीतरी वर्षांत ऐकलेलं नव्हतं. त्यांनीही कधी पेपर वाचून दाखवलेला नव्हता, पण तो मुद्दा त्यांच्या मनात आला नाही.

एसटीतही तेच. पंच्याहत्तरीपुढच्यांना तिकीट माफ, म्हणून माहूरला जाताना दोघांचंही झिरो तिकीट निघालं होतं. पण कंडक्टरने दोन्ही कार्डं बघून, "आजी, तुमी खिडकीकडं बसा. आजोबा तरणे हाईत, सरकतील," असं म्हटलं होतं. तेव्हा ते हसण्यावारी गेलं होतं. आता रात्रंदिवस कानात वाजायला लागलं.

शेवटी बुधवारी, "कामानं चाललोय," असं सांगून भाऊसाहेबांनी औशाची गाडी धरली. सिंधुबाईंच्या थोरल्या बहिणीचं, सुभद्राबाईंचं घर औशाला स्टँडच्या मागेच होतं. सुभद्राबाई अंगणात बाजेवर कुरडया वाळत घालत होत्या.

"दाजी! येकलेच? सिंधी कुटं हाय?"

"ती बसलेली हाय," भाऊसाहेब म्हणाले. ते खरंच होतं.

पाणी झालं, चहा झाला. भाऊसाहेबांनी पिशवीतून फुलस्केप कागद आणि शाईचा पॅड काढला. "अक्का, एक माहिती पायजे. सिंधूचं खरं वय किती?"

सुभद्राबाईंच्या हातातली कुरडई हातातच राहिली.

"इतकी वर्सं संसार केलाव, आन् आज इचारलालाव?"

"सरकारी काम हाय."

"लबाड बोलू नगा. सरकार माज्या दारात कवा आलं न्हाई." पण सांगायला त्यांना आवडत होतं. "आमच्या आबानं मळ्यात हीर खांदली. पानी लागलं त्याच हप्त्यात सिंधी झाली. म्हनून तर सिंधू. हिरीच्या दगडावर साल कोरलंय, जाऊन बघा. त्रेपन्न."

तलाठ्याला दगडासारखा पुरावा नाही. भाऊसाहेबांनी झरझर लिहिलं. त्रेपन्न, म्हणजे बहात्तर. म्हणजे ऐंशी नाही. म्हणजे खुर्ची आपली. मग सवयीने त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, कारण जबाबात खातरजमेचा प्रश्न असतोच. "आन् लग्नात?"

"तेरा."

"पंधरा सांगितलं हुतं आमाला."

"सांगनारच की. कायदा हुता न्हव का. आबानं दोन वर्सं वाढीवली." सुभद्राबाई हसल्या. "चोळी ढगळ झालती, मीच पिना लावल्या. हळदीच्या दिशी नवरी घावंना. शेजारनीच्या वट्ट्यावर गजगे खेळत बसलेली. तिला उचलून आनली. गजगे मुठीत तसंच. मांडवात मूठ उघडंना."

गजगे म्हणजे सागरगोटे. भाऊसाहेबांनी तेही लिहिलं. लिहायची सवयच ती.

"आबानं वाढीवलं, मग आधारला तुमी वाढीवलं, सिंधीनं सांगितलंय मला," सुभद्राबाई म्हणाल्या. "आन् आता कमी कराय आलाव. कशापायी वो?"

भाऊसाहेबांनी पॅड पुढे केला. "हितं अंगठा करा. डावा."

सोबत जोडायला त्यांनी सुभद्राबाईंच्या आधार कार्डाची झेरॉक्सही घेतली. सोबत काही जोडल्याशिवाय कागद त्यांना उघडाबोडका वाटे. झेरॉक्सवरचा मजकूर अर्थातच वाचला नाही.

एक जूनला हॉल गच्च भरला होता. सिंधुबाईंच्या डोक्यावर भगवा फेटा. तो त्यांना इतका शोभत होता की भाऊसाहेबांना दुसरीकडे बघावं लागलं. महादेवप्पांनी माईक हातात घेतला आणि पद्धत म्हणून विचारलं, "कुनाची काही हरकत?"

"हाय," भाऊसाहेब म्हणाले.

हॉलमधला गलका थांबला. तिन्ही निकामी पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. भाऊसाहेबांनी जबाब वाचला. विहीर, पाणी, दगड, त्रेपन्न. पुढे लग्नाचं वाक्य होतं. तिथे ते अडखळले. समोर सिंधुबाई फेट्याखालून त्यांच्याकडे बघत होत्या, रागाने नाही, नवल वाटल्यासारख्या. भाऊसाहेबांनी ते वाक्य सोडून दिलं आणि खाली बसले.

महादेवप्पांनी कागद मागून घेतला. चष्मा चढवला. झेरॉक्स उलटसुलट केली. अडत दुकानातला मुनीम सोबतचे कागद आधी वाचतो.

"साक्षीदार सुभद्राबाई," त्यांनी माईकवर वाचलं. "जन्म एकोणीसशे सत्तावन्न. वय अडुसष्ट. भाऊसाहेब, पंचेचाळीस साली झालेल्या बाईचा जन्म सत्तावन्न साली झालेल्या बाईनं कुटून बघितला वो?"

हॉल हसला. बायकांची बाजू जास्तच हसली.

"आन् दुसरं," महादेवप्पा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले, "नियम चार. वयाचा पुरावा म्हणून फक्त आधार कार्ड ग्राह्य धरले जाईल. तोंडी माहिती, पंचांचा जबाब अथवा नातेवाइकाची साक्ष चालणार नाही." स्वल्पविरामासकट म्हटलं. दोन वर्षं त्यांनी तो पाठ करून ठेवला होता.

सत्कार झाला. शाल सचिवांनी घालायची पद्धत होती, म्हणून ती भाऊसाहेबांनीच घातली. मग सिंधुबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी एकच वाक्य म्हटलं : "उद्यापून दुपारच्याला बीपीवरचं भाषान बंद, गजगे खेळायचे." बायकांच्या बाजूने शिट्टी आली. कुणाची ते अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी घरी सिंधुबाईंनी फेटा जपून खुंटीला अडकवला, भाकरी थापायला घेतल्या आणि विचारलं, "तो कागूद वाचा."

"वाचला की सभेत."

"मदी एक वळ सोडलाव तुमी. थांबला हुता. मला वाचाय येत न्हाई, पन माणूस थांबलेला कळतो."

भाऊसाहेबांनी कागद काढला. सगळा वाचला. विहीर, पाणी, चोळी, पिना, गजगे, मूठ. तेरा.

सिंधुबाईंचा हात पिठावर थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांनी ती उलटली नाही. भाऊसाहेबांनीच चिमटा घेऊन उलटली. अर्धी तुटली.

"तेरा," सिंधुबाई म्हणाल्या. "मला वाटायचं पंधरा." त्यांनी तुटलेली अर्धी भाकरी टोपल्यात टाकली. मग, "आन् आता किती म्हनं?"

"बहात्तर."

सिंधुबाईंनी पिठाच्या बोटांनी हिशेब घातला. एकदा, मग पुन्हा. चेहरा हळूहळू उजळत गेला.

"बहात्तरच? आन् मी आठ दिसापून उठताबसता गुडघे धरलाले, आता ऐंशीची झाले म्हनून!" त्या उठल्या, गुडघे न धरता, आणि डब्यातून ठेचा काढून नवऱ्याच्या ताटात वाढला. "मंजी आजून लई वर्सं बसते की मी त्या खुर्चीत."

भाऊसाहेबांनी घास घेतला. तेवढ्यात त्यांना आपलं स्वतःचं वय आठवलं, शाळेतलं सत्त्याहत्तर आणि त्याहूनही मोठं खरं, आणि ठेचा फार तिखट लागला.