कुरकुर न करणारी गाडी

मी एक जुनी जपानी गाडी आहे, मित्रांनो. रंग उडालेली, दाराला पोचे आलेली, गॅरेजच्या मागे विटांवर टेकवून ठेवलेली. तुम्ही म्हणाल, हे तर भंगार! म्हणा बापडे. पण माझंही थोडं ऐका.

समुद्रापलीकडच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथले कामगार भारी चिकट. एकेक नट पुन्हा तपासायचे, दार लागल्याचा आवाजसुद्धा कान देऊन ऐकायचे. दिसायला मी सुमारच, पण हाडापेराने मजबूत. बोटीतून आले आणि चष्म्यांचं दुकान असलेल्या एका माणसाच्या घरी नांदायला लागले. घरात तो, त्याची बायको आणि शाळकरी मुलगी. मुलगी त्यांना आई-बाबा म्हणायची, म्हणून मीही तसंच म्हणू लागले.

आईंना दमा होता. माझ्या आधीची गाडी होती देखणी, पण नखरेल. ऐन वेळी रस्त्यात बसकण मारायची. एकदा आईंचा श्वास कोंडलेला असताना ती अशीच बसली आणि आई जेमतेम वाचल्या. त्यानंतर बाबांनी मला आणलं. माझ्याकडून त्यांना एकच हवं होतं. आईंना धाप लागली की मी त्यांना दवाखान्यात पोचवायचं.

आणि मी पोचवलं हो! कडाक्याची थंडी असो की रणरणतं ऊन, एका किल्लीत सुरू व्हायचे. शेजाऱ्यांच्या नव्याकोऱ्या गाड्या सारख्या गॅरेजात पडलेल्या असायच्या आणि बाबा पाहुण्यांपुढे माझी टिमकी वाजवायचे. आई मला गमतीने सवत म्हणायच्या.

पण हे कौतुक फुकटचं नव्हतं. दर रविवारी सकाळी बाबा बॉनेट उघडायचे. इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढून चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने पुसायचे, पुन्हा बुडवून बघायचे, आणि फडकं काळं केलं म्हणून आईंची बोलणी खायचे. तेल कमी झालं की पेटणारा लाल दिवा माझ्यात होता, पण तो केव्हाच गेला होता. मेकॅनिकने बदलायला सांगितलं, तर बाबांनी त्यालाच वेड्यात काढलं. मी स्वतः बघतो ना, मग दिवा कशाला, असं त्यांचं म्हणणं.

वर्षं गेली. मुलगी शिक्षिका झाली, माझं स्टिअरिंग तिच्या हाती आलं. जन्मभर लोकांना नजर देणाऱ्या बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि त्यांचं बॉनेट उघडणं सुटलं. ते मुलीला विचारायचे, तेल बघितलंस का? ती चपला घालता घालता ‘बघितलं’ म्हणायची. पोर वाईट नव्हती हो. शाळा, वह्या, आईंची औषधं, जीव मेटाकुटीला यायचा तिचा. त्यात मी कधी दगा दिलेला नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, आणि मला तर रडणं ठाऊकच नव्हतं. म्हातारपणी माझं इंजिन तेल पिऊ लागलं, तरी मी एका किल्लीत सुरू होत राहिले. माझा चांगुलपणाच माझ्या मुळावर आला.

एका दुपारी आईंची धाप थांबेना. मुलगी पुढे, मागच्या सीटवर बाबांच्या मांडीवर आईंचं डोकं. पुलाच्या चढावर माझ्या पोटात खडखड झाली आणि इंजिन जाम झालं. मुलगी वेड्यासारखी किल्ली फिरवत राहिली. बाबा आईंच्या केसांवरून हात फिरवत म्हणत होते, “होईल सुरू. ती कधी दगा देत नाही.” मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. शेवटी एका टेम्पोवाल्याने आईंना नेलं, पण फार उशीर झाला होता.

काही दिवसांनी बाप-लेक इथे गॅरेजात आले. मेकॅनिक दुसऱ्या गाडीखाली शिरला होता. बाबांनी चाचपडत बॉनेट उघडलं, पट्टी ओढून काढली आणि टोकापर्यंत बोटं फिरवली. बोटं कोरडीच राहिली.

मुलीने मागूनच विचारलं, “बाबा, तेल नव्हतं ना?”

बाबांनी पट्टी परत खोचली. “होतं गं. भरपूर होतं. गाडीच म्हातारी झाली होती. तिनेच दगा दिला.”

मुलगी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. जन्मभर कमावलेलं माझं नाव त्या एका वाक्यात गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण लेकीला अजून जगायचं आहे. मला काय, भंगारातच जायचंय.

जाताना बाबा मागे रेंगाळले. बॉनेटवर हात ठेवून, लेकीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “रागावू नकोस हं.”

मी कुठली रागावतेय! फक्त तुम्हाला एवढं सांगून जाते, मित्रांनो. तुमच्या घरात जे कुरकुर न करता राबतं, मग ती गाडी असो की माणूस, त्याच्याबद्दल ‘बघितलं’ म्हणण्याआधी एकदा खरंच बघा.