सोयाच्या डब्याची बदली

मी एक जुना सोया पावडरचा डबा आहे. जुना म्हणजे सात महिन्यांचा. आमच्यात एवढ्यात म्हातारपण येते. माझ्या पोटावर एका पिळदार माणसाचा फोटो आहे. त्याने मला कधी चाखलेले नाही.

मित्रांनो, सोयाबीनचे तेल काढून उरलेल्याची पूड झाली, ती माझ्यात भरली, आणि मी बडोद्यात तरसालीला सुभानरावांकडे आलो. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, शिस्त उरली. सकाळी सहाला घरात हजेरी होई. तेव्हा त्यांच्या पत्नी इंदिराबाईंनी थायरॉइडची गोळी मला ढवळलेल्या दुधाबरोबर एका घोटात घ्यायची. त्यांनी मटण सोडले होते, प्रथिने मी पुरवत होतो. सुभानरावांनी मला नाईक केले.

पण इंदिराबाई थकत चालल्या. आधी बाजार सुटला, मग भजन. केस विंचरताना हात मध्येच खाली येई.

"अहो, अंगात बळच नाही."

"मग एक चमचा वाढवा."

चमचा वाढला, बळ नाही. मी हवालदार झालो. माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिले होते, 'औषध चालू असल्यास डॉक्टरांना विचारा.' पाठ भिंतीकडे होती आणि मला वळता येत नाही.

शेवटी रक्त तपासले. गोळी चालू असूनही थायरॉइड बिघडलेला निघाला. सयाजीगंजच्या डॉक्टर नीरजाबेननी विचारले, "काकी, गोळी शेनी साथे लो छो?" गोळी कशाबरोबर घेता, म्हणून इंदिराबाईंनी पिशवीतून मला काढले.

नीरजाबेननी मग मराठीत समजावले, "सोयामुळे गोळी नीट लागू पडत नाही. गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. हा डबा चार तासांनी."

"म्हणजे डबा वाईट?" सुभानराव म्हणाले.

"डबा चांगला आहे, काका. तुमची वेळ चुकली."

सुभानरावांना हे आजवर कुणी म्हटले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून घरात दोन हजेऱ्या सुरू झाल्या: सहाला गोळी, साडेदहाला मी.

दोन महिन्यांनी एकदा साडेदहाला सुभानराव पेला घेऊन उभे, आणि इंदिराबाई गैरहजर. त्या एकट्याच बसने पादरा गावी बहिणीकडे गेल्या होत्या. दूध सुभानराव प्यायले. तक्रार केली नाही.

मित्रांनो, मी चांगला असलो तरी मला घड्याळ कळत नाही. ते तुम्हीच सांभाळा. औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, सोयाची ॲलर्जी असेल तर मला हातही लावू नका. आणि झाकण घट्ट लावा. मला आता जरा पडून राहायचे आहे.