उलट बाजू

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेले शिंपीकाका दवाखान्यातून घरी आले, त्या दुपारी काकूंनी त्यांना पलंगावर निजवलं आणि स्वतः नेहमीसारख्या शेजारी टेकल्या. काका त्यांच्याकडे बघून म्हणाले, "जा."

काकू उठल्या. उशी घेऊन बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीनजवळ गेल्या आणि पुढचे तीन महिने तिथेच झोपत राहिल्या. आजारपणात माणूस चिडचिडा होतो, असं त्यांनी ऐकलं होतं. उजवा हात लुळा पडल्यावर बायकोही जवळ नकोशी होत असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. आणखी दोनतीनदा काका "जा" म्हणाले. त्या गेल्या की काका भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मुळातच मितभाषी, आता जे हवं ते बोट दाखवूनच मागत.

व्यायाम करून घेणारी मुलगी आठवड्यातून तीनदा येई. उजव्या हाताने टेबलावरचं फडकं पुढे सरकवायचं, मागे ओढायचं, मग जिना. एके दिवशी तिने नवा नियम काढला: प्रत्येक हालचाल तोंडाने म्हणायची. काकू जवळच काजं करत बसल्या होत्या. काकांनी फडकं पुढे ढकललं आणि म्हणाले, "मागे." ओढताना म्हणाले, "पुढे."

"काका, कापड उलटं धरलंत," मुलगी हसली. मग तिने काकूंना समजावलं, की झटक्यानंतर कधीकधी पुढे-मागेसारख्या जोडीतला एक शब्द शोधावा तर दुसराच तोंडात येतो. सरावाने सुधारतं.

काकूंची सुई थांबली.

मुलीला सोडायला त्या जिन्यापर्यंत गेल्या. कठड्याकडे बघत विचारलं, की जवळ गेलं, म्हणजे नवराबायकोसारखं, तर पुन्हा झटका येईल का. मुलगी न लाजता म्हणाली, की काका दोन मजले धाप न लागता चढतात, रक्तदाबही आटोक्यात आहे. डॉक्टरांना जरूर विचारा, पण शेजारी झोपायला कुणाची परवानगी लागत नाही.

जेवणानंतर काकू उशी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"अहो, येऊ का?"

"जा," काका म्हणाले. स्वतःचाच शब्द ऐकून त्यांचा चेहरा पडला.

"चाळीस वर्षं मी घरातून जाताना 'येते' म्हणते," काकू म्हणाल्या. "तुमचं एक 'जा' मला कळू नये?"

त्यांनी उशी काकांच्या उजव्या बाजूला ठेवली आणि आडव्या झाल्या.

"हात पुढे करा. व्यायाम आहे."

"मागे," काका म्हणाले, आणि हात हळूहळू पुढे आला.