मनकर्णामावशीचा नंबर

पांढुर्ण्याच्या बसस्टँडासमोर शीतलचं ऑनलाइन सेंटर आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर हातानं लिहिलेला कागद : 'फॉर्म भरणे तीस रुपये. घाई असल्यास चाळीस.' चाळीस तिनं आजवर कोणाकडून घेतले नाहीत, पण कागद पाहून लोक जरा वचकून असतात.

सोळा वर्षं झाली. पोरापोरींच्या शिष्यवृत्त्या, म्हाताऱ्यांच्या पेन्शनी, सगळं तिच्या हातून गेलं. कोणत्या योजनेत कोण बसतो, कोणाला कोणता दाखला नडतो, ते तिला झोपेतून उठवून विचारा. आणि स्वतःचं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! बी.ए. झाली, लग्न झालं, समाजकार्याचं एम.एस.डब्ल्यू. करायचं मनात होतं ते मनातच राहिलं. आता त्रेचाळिसाव्या वर्षी तिनं धीर करून नागपूरच्या कॉलेजात अर्ज टाकला, आणि बाप्पा, प्रवेश मिळाला की! आठवड्यातले तीन दिवस सकाळच्या गाडीनं नागपूर, उरलेले दिवस सेंटर, असं ठरलंसुद्धा.

घोडं अडलं ते फीपाशी. नवरा गौतम नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचं काम पाहतो. तो म्हणाला, "माह्या पीएफातून काढतो ना."

"त्याले हात नका लावू," शीतल म्हणाली. "ते पैसे आपल्या पोरीच्या, तेजस्विनीच्या नर्सिंगचे आहेत. माही फी मी उभी करीन, नाही तर जाणार नाही."

बोलून तर गेली. आता सांगा, बोललेलं परत कसं घ्यायचं? मग लागली शोधायला. एका योजनेला पस्तिशीच्या वरचं माणूस नको होतं. दुसरीला शिक्षणात खंड चालत नव्हता, आणि शीतलचा खंड एकवीस वर्षांचा. इकडच्या, मध्य प्रदेशच्या एका योजनेला नागपूरचं कॉलेज परकं वाटे, तर तिकडच्या, महाराष्ट्राच्या योजनेला पांढुर्ण्याचा दाखला. बँकेतल्या साहेबांनी कर्जाचा कागद पुढं केला आणि म्हणाले, "सोबत सही करायला वडिलांना आणा." शीतलचे वडील उत्तमराव बोरगावला राहतात, वय वर्षं चौऱ्याहत्तर. फोनवर ऐकून म्हातारा खो खो हसला. "अवं, तुह्या बी.ए.च्या फारमवर सही केली तवा वाटलं, सुटलो!" म्हणाला. तरी तो यायला तयार होता. बँकच त्याच्या वयाला तयार नव्हती.

शेवटी तिला नागपूरच्या एका ट्रस्टची मदत सापडली. चाळिशीनंतर पुन्हा शिकायला निघालेल्या बायकांना पूर्ण फी. जणू कोणी तिच्याच मापाचं शिवून ठेवलं होतं. शेवटची तारीख सोमवार, संध्याकाळी पाच.

आणि सोमवारी ही बाई काय करत होती? दुसऱ्यांचे फॉर्म भरत होती! 'एवढं एक झालं की माझा,' असं म्हणता म्हणता साडेचार वाजले. तेव्हा कुठं दुकान रिकामं झालं. राहिली फक्त मनकर्णामावशी. ही जाम नदीपलीकडच्या सावरगावची, सत्तरीला आलेली, कपाशीची चार एकर आणि संत्र्याची थोडी झाडं सांभाळणारी बाई. तिचं पेन्शनीचं काम तीनलाच झालं होतं, पण पंख्याखाली बसल्याशिवाय मावशी पूल ओलांडून घरी जात नसे.

शीतलनं ट्रस्टची वेबसाइट उघडली, नाव टाकलं, मोबाइल नंबर टाकला. वेबसाइटनं लाल अक्षरांत उत्तर दिलं : या क्रमांकावर पाच अर्ज आधीच नोंदलेले आहेत.

हाच ट्रस्ट शाळेतल्या मुलांनाही मदत देतो, आणि ज्या घरात फोन नाही त्यांच्या फॉर्मवर शीतल बेधडक आपला नंबर लिही. तो भरला म्हणून पुढच्या पाच जणांना गौतमचा दिला होता. सगळ्या गावाला नंबर वाटला आणि स्वतःच्या वेळी हात रिकामे! तिला स्वतःचाच असा राग आला की कपाळावर हात मारून घेतला.

पाचाला पंचवीस मिनिटं होती. तिची नजर मावशीवर गेली. मावशीचा नंबर तिला तोंडपाठ होता. पेन्शनच्या कामात शंभरदा टाकलेला. तिनं काही न विचारता तो टाकून दिला. मावशीच्या कमरेच्या पिशवीत टिंग वाजलं.

"माह्यावर काय आलं वं?" मावशीनं बटनांचा फोन काढून दूर धरला.

"ओटीपी आहे मावशी. सहा आकडे आहेत, सांगा पटकन."

"नाई."

"मावशी!"

"नाई म्हनलं ना. ओटीपी कोनाले सांगाचा नाई."

हे तिला शिकवलं कोणी? शीतलनंच! मागच्या वर्षी मावशीला कोणा भामट्याचा फोन आला होता, पेन्शन बंद होईल म्हणून. ती आकडे सांगणारच होती. तेव्हा शीतलनं तिला भर दुकानात झापलं होतं : "पोराले नाही, पोलिसाले नाही, मले बी नाही!" मावशीनं ते शब्द पदराला गाठ मारून ठेवले होते.

"अहो, पण हा माह्या फॉर्मचा आहे," शीतल काकुळतीला आली. "पाच वाजता बंद होते."

"तुहा फारम, मंग नंबर माहा काहून? आन टाकला तो न इचारता टाकला?"

शीतलचे कान गरम झाले. खुर्चीतून उठून ती मावशीसमोर उभी राहिली. "चुकलं मावशी. विचारायले पाहिजे होतं. आता विचारतो, चालन काय तुमचा नंबर?"

"पयले वाचून दाखव. तूच म्हनते ना, वाचून घेतल्याबिगर अंगठा नाई."

भिंतीवरच्या घड्याळात चार चाळीस. शीतलनं भराभर आपण फोनमध्ये लिहून ठेवलेला मजकूर काढला. 'पुन्हा का शिकायचं आहे?' असा ट्रस्टचा प्रश्न होता. हे तिनं गौतमलासुद्धा दाखवलं नव्हतं. आधी ती घाईनं वाचत होती, मग आपोआप सावकाश झाली.

"मी सोळा वर्षं लोकांचे फॉर्म भरते. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई माझ्याकडे दाखल्यासाठी येते. मी दाखला काढून देते आणि तिला दारातून जाताना पाहते. ती कुठं जाईल, कोणाला भेटेल, तिच्यासाठी मी आणखी काय करू शकते, हे मला माहीत नाही. मला फक्त फॉर्म भरता येतो. पुढचं शिकायचं आहे."

मावशीनं आपली खुर्ची टेबलाकडं ओढली.

"माह्या पेन्शनचं बी लिव ना त्याच्यात," मग म्हणाली.

"दीडशे शब्दच चालतात, मावशी."

"बरं, सरक."

"काय?"

"सरक म्हनलं ना. सांगनार तर मी नाई. कोठी दाबाचं ते दाखव."

मावशी टेबलाला वळसा घालून आली आणि शीतलच्या खुर्चीत ऐसपैस बसली. अक्षर तिला येत नव्हतं, आकडे मात्र पक्के. संत्र्याच्या भावात तिला फसवणारा अजून जन्मला नाही. तोवर जुना ओटीपी मेला होता. शीतलनं नवीन मागवला. टिंग झालं. मावशीनं फोन छातीशी धरला, एक आकडा पाहिला, एक बोट उचललं, बटण शोधलं, दाबलं. शीतलचा जीव टांगणीला.

"हे ठिपके काहून दिसून राहिले?"

"कोणी पाहू नये म्हणून."

"हे बेस केलं त्याईनं," मावशी म्हणाली आणि दुसरा आकडा शोधू लागली.

सहावा आकडा पडला तेव्हा चार एकोणपन्नास झाले होते. शीतलनं उभ्याउभ्याच कागद जोडले, मजकूर टाकला, चार छप्पनला अर्ज गेला. प्रिंटरमधून पावती आली तशी ती मटकन दुसऱ्या खुर्चीत बसली. मावशीनं तिच्यापुढं तळहात धरला.

"तीस रुपये."

"कायचे?"

"फारम कोनं भरला? तशे तर घाईचे चाळीस होते, पन जाऊ दे."

शीतलनं गल्ल्यातून तीस रुपये काढून दिले. मावशीनं ते मोजून पिशवीत घातले आणि पुलाच्या वाटेला लागली. त्या रात्री गौतमला सांगताना शीतल हसून हसून बेजार झाली.

पण पुढं तिचं हसू आटलं. पोळा होऊन आठवडा झाला तरी ट्रस्टचा निरोप नाही. फी भरायची मुदत जवळ येत होती. 'नसेल झालं,' असं तिनं मनाला सांगून टाकलं आणि नागपूरच्या गाडीचं वेळापत्रक लिहिलेलं पान भिंतीवरून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उचलायच्या आधीच मनकर्णामावशी पायरीवर बसलेली.

"तुहा मेसेज आला, त्या ओटीपीवानीच नाव हाय वर. तीन दिस झाले."

"तीन दिवस! अहो, वैभवकडून तरी वाचून घ्यायचा!" वैभव म्हणजे मावशीचा मुलगा.

"काहून? तुहा हाय, तू वाच. कपाशी निंदाले बाया लागल्या होत्या, कोन येईन? पन कोनाले पाहू देला नाई."

शीतलनं पायरीवरच बसून तो वाचला. मग पुन्हा वाचला. डोळे भरून आले आणि अक्षरं दिसेनाशी झाली.

"रडून काहून राहिली? नाई भेटलं काय?"

"भेटलं मावशी. दोन्ही सालची फी भेटली!"

"मंग हास ना, बाप्पा!"

शीतल हसली, मावशीच्या गळ्यात पडली, पुन्हा रडली. रस्त्यावरचे लोक पाहत होते तर पाहू दे. मग डोळे पुसून म्हणाली, "आता दर सहा महिन्यांनी फीच्या वेळी ओटीपी येईन तुमच्यावर. उगाच तरास. ट्रस्टले कळवून नंबर बदलून घेतो मी."

"काई गरज नाई," मावशी फोन पिशवीत ठेवत म्हणाली. "वैभव कवाचा मांगं लागला, माय, मोठा मोबाइल घेऊन देतो, नवीन नंबर घे. मी त्याले आज सांगतो, दोन साल नाव काढू नको. माही पोरगी कॉलेजात हाय."