पंप, शेगडी आणि एक खोली

नळावरचा तो लाल ठिपका... अर्धा खरवडलेला, कुंकू पुसल्यावर कपाळावर राहतं तेवढाच उरलेला... त्याच्याकडे न बघताच इरावतीबाईंनी नळ सोडला आणि बोटांवर गार पाणी आलं. उन्हाळ्यात इथं असंच. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की निळा नळ सोडावा तर चहाच टाकावा. म्हणून मे महिन्यातच गीझरचं बटण बंद करायचं, मग घरातल्या सावलीत गीझरच्या पोटात पाणी निवत पडतं आणि लाल नळाला गार येतं. अठरा वर्षांपूर्वी, बहारीनमधल्या बुसैतीनच्या या फ्लॅटमधल्या पहिल्याच अंघोळीला त्या निळ्या नळाखाली किंचाळल्या होत्या, तेव्हा दाराबाहेरून वरुण म्हणाला होता, "आई, इथं सगळं उलटं असतं!" उलट्याची सवय झाली. आता हात आपोआप लालकडेच जातो... आणि आता म्हणे सुलट्या देशात जायचं.

म्हणजे, कुणी जायचं?

वरुणचं कंत्राट ऑक्टोबरात संपत होतं, त्याचा व्हिसा संपला की त्याच्या व्हिसाला लोंबकळणारे सगळेच संपणार. सून स्मिता कॅनडात नोकरीवर रुजूसुद्धा झाली होती, एक जुनं लाकडी घर घेऊन झालं होतं, आणि घरात उठता-बसता "आपण गेलो की" चाललं होतं. त्या "आपण"मध्ये किती माणसं बसतात, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. ठाण्याची लेक दर दोन दिवसांनी फोनवर म्हणे, "आई, तू सरळ माझ्याकडे ये बाई." लेकीनं विचारलं. लेकानं नाही. आणि आपण होऊन त्याच्यापुढे उभं राहायचं, मी पण येऊ का रे, म्हणून?... छे! शहात्तर वर्षं ताठ नाकानं जगलेल्या बाईनं आता कुठं नाक खाली घालायचं.

शुक्रवार, सुट्टीचा दिवस. जेवणाच्या टेबलावर वरुणनं त्या घराचा नकाशा पसरला होता, चार कोपऱ्यांवर दाब म्हणून लोणच्याची बरणी, खजुराचा डबा, मोबाइल आणि स्वतःचं कोपर. घर गरम ठेवायची सोय तो स्वतःच आखत होता. दुसऱ्या कुणावर त्याचा भरवसा नव्हता. चोवीस वर्षं या बेटावरची घरं, दुकानं, दवाखाने त्यानं गार केले... अख्खं बहारीन थंडगार ठेवणारा आपला मुलगा, आणि या वयात त्याला ऊब शिकायची वेळ आली, असं मनाशी म्हणत त्यांनी चहाचा कप बरणीशेजारी टेकवला.

"काय आहे हे?"

"हीट पंप आणि स्टोव्ह, आई. दोन्ही मिळून घर गरम ठेवणार."

पंप आणि स्टोव्ह म्हटल्यावर त्यांना पितळी, रॉकेलचा, पंप मारून भडकवायचा तोच दिसला, आणि त्याच्याभोवती बसून बर्फात हात शेकणारं आपलं सगळं घराणं.

"स्टोव्ह म्हणजे लाकडाची शेगडी गं," वरुणनं त्यांचा चेहरा वाचला. "आणि पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो."

"बाहेर किती असतं?"

"जानेवारीत उणे दहा, उणे बारा."

"मग त्यात कसली उष्णता, डोंबलाची?"

"असते आई. हवा कितीही गार असली तरी थोडी असतेच. फक्त ओढून काढावी लागते."

कितीही गार असली तरी... इरावतीबाईंच्या डोळ्यांसमोर एकदम यजमान येऊन बसले, वर्तमानपत्राआड, चव्वेचाळीस वर्षं बसत तसेच. गोड शब्द नाही, चौकशी नाही. पण एका साली, स्टोव्हच्या भडक्यानं बायकोचा हात पोळला तेव्हा आठ दिवस त्यांनी न बोलता पिठलं केलं होतं, रोज करपलेलं, आणि रोज भांड्याच्या मधलं, न करपलेलं, तेवढं हिच्या पानात वाढलं होतं. होती तर खरी. ओढून काढायचं यंत्रच तेव्हा निघालं नव्हतं.

"आणि ही शेगडी कशाला मग?"

"फार कडाका पडला की पंप दमतो. वीज गेली तर बंदच पडतो. तेव्हा हिला पेटवायचं."

"म्हणजे एरवी हिनं कोपऱ्यात बसून राहायचं, आणि घरातलं कर्तं माणूस दमलं की राबायचं."

"करेक्ट!" वरुण खूश होऊन म्हणाला.

करेक्ट म्हणे. त्यांना ते चांगलंच झोंबलं. एवढी माहिती असलेल्या माणसाला एवढं कळू नये?

सोफ्यावरून नात अनुष्का ओरडली, "आजी, स्टोव्ह इज सो कोझी! आय वॉन्ट टू लाइट इट!"

"तू?" इरावतीबाई म्हणाल्या. "तुला उदबत्ती पेटवता येत नाही."

बेळगावला त्या नऊ वर्षांच्या असताना बंब पेटवायचं काम त्यांच्याकडे होतं... मागच्या पडवीतला तांब्याचा बंब, चिंचेनं घासून लख्ख केलेला. करवंट्या खाली, ढलप्या वर, डोळ्यांत धूर, आणि नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते मुकाट तळाला जायचं आणि वरच्या तोटीतून कढत पाणी उसळून बाहेर यायचं. रोज सात माणसांच्या अंघोळी, म्हणजे सात वेळा तोच चमत्कार. कुणी शिकवलं नव्हतं. गार खाली बसतं आणि ऊन वर चढतं, हे रामरक्षेआधी पाठ झालेलं...

त्यांची नजर नकाशावर थांबली.

"हे बाण कसले रे?"

"हवेचे. इथून खोलीत हवा येणार."

"छतातून?"

"हं."

"गरम हवा?"

"हो ना आई, गरमच."

"आणि ती खाली येईल, असं तुला कुणी सांगितलं?"

वरुणची पेन्सिल थांबली. त्यानं बाणांकडे पाहिलं, मग डोक्यावरच्या एसीच्या जाळीकडे, मग पुन्हा बाणांकडे.

"खलास," तो हळूच म्हणाला.

"आजी रोस्टेड यू, बाबा!"

"चोवीस वर्षं छतातूनच सोडतोय गं. गार हवा आपली आपण खाली येते. हात तिकडेच गेला..."

लाल नळ, इरावतीबाईंच्या मनात आलं, आणि जिंकल्याचा जो आनंद नुकताच वर चढत होता तो अर्ध्या वाटेत निवला. पन्नाशीचा बाप्या, केस पिकलेले, आणि चुकीचं गणित खोडताना जीभ तशीच दातांत धरलेली, चौथीतल्यासारखी. घाबरलाय हा. तिकडे याला कोण विचारणार? मी तर निदान ठाण्याला जाईन...

बाण खोडायला त्यानं कागद फिरवला, आणि इतका वेळ उलटे दिसणारे आकडे त्यांच्यासमोर सुलटे झाले. खोल्यांना नावं नव्हतीच, नुसते अंश. अठरा. वीस. एकवीस, पुन्हा एकवीस. आणि शेगडीच्या भिंतीला पाठ लावून एक छोटी खोली, तिच्यात बारीक अक्षरात, सव्वीस. पुढे प्रश्नचिन्ह.

सव्वीस.

या घरात एसी सव्वीसवर ठेवून एकच माणूस राहतं. बाकी सगळे बाविसात कुडकुडतात आणि हिच्या खोलीत शिरताना अनुष्का नाक दाबून "आजीज ओव्हन" म्हणते. त्या आकड्यावरून अठरा वर्षं रोज एक भांडण... आणि हा गधडा तोंडानं अवाक्षर न काढता तो आकडा कॅनडातल्या भिंतीत लिहून बसलाय. बापावर गेलाय अगदी. पण ते प्रश्नचिन्ह? तिथं सव्वीस अंश होतील का, एवढंच, की तिथं राहणारं माणूस येईल का? म्हणजे तोही वाट बघतोय की काय, मी बोलेन म्हणून... की नुसतं पंपाच्या ताकदीचं गणित...

"काय गं आई? अजून काही चुकलंय?"

लेकीचा आज फोन यायचा होता, तिला काय सांगायचं ते सकाळी ठरलेलं होतं, आणि आता ते आठवेना. कॉट शेगडीच्या भिंतीला लावावी की खिडकीखाली... खिडकीतून गार येईल, भिंतीलाच बरी. लाल नळाला तिथं खरोखरच कढत पाणी येणार, हाताला पुन्हा शिकवावं लागेल, एकदा तरी भाजणार. राग अजून होताच, चांगला ठणठणीत, विचारलं नाहीस म्हणजे नाहीच विचारलंस. ओठांवर मात्र भलताच प्रश्न येऊन बसला होता, आणि तो गिळावा की विचारावा ते कळेना... की बर्फाच्या मुलखात सव्वीसच का रे, सत्तावीस का नाही?