भट्टीतला घास

गितलने पावाच्या पिठातून बोराएवढा तुकडा तोडला आणि पेटत्या भट्टीत टाकला. टाकल्यावर तिच्या लक्षात आलं. पाव भाजण्याआधी देवाचा वाटा विस्तवात घालायची ही ज्यू बायकांची रीत. हाताला आईचीच सवय लागलेली. पण या घरात ती ब्रोन्या होती, केस पिवळे केलेली, गळ्यात क्रूस घातलेली मोलकरीण. आणि गावात जर्मन चौकी होती.

“काय टाकलंस गं?” घरच्या मालकीण लेओकाडियाबाई दारातच उभ्या होत्या.

गितलने भट्टीचं दार लोटलं.

“मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी, बाई. आमच्या खेड्यात टाकतात.”

“बरंय की! माझ्या आईला पोचेल.”

ज्यू बाई आपण शंभर पावलांवरून ओळखतो, अशी बाईंची बढाई होती. “नाक आकड्यासारखं, डोळे रडके, अंगावर सोनं लादलेलं. सोंगं नुसती!” असं त्या रोज म्हणत. गितल रोज हसून दाखवी.

पुढच्या गुरुवारी शेजारच्या गेनोवेफाबाई कॉफीला आल्या. गिरणीच्या माळ्यावर लपलेले दोघं ज्यू पकडले गेले ते यांच्याच जिभेमुळे, हे गावाला ठाऊक होतं. लेओकाडियाबाईंनी शेजारणीच्या देखत पिठाचा तुकडा तोडला आणि मोठ्या भक्तिभावाने भट्टीत टाकला.

गेनोवेफाबाईंचा पेला ओठाशीच थांबला.

“हे कुठून शिकलात? आमच्या गल्लीतली त्या ज्यू शिंप्याची बायको अस्संच करायची. जर्मनांनी नेली तिला.”

गितल पातेलं घासत होती. हात थांबू द्यायचा नाही, एवढंच तिने स्वतःला बजावलं. आता बाई मान वळवणार. आता ब्रोन्याचं नाव घेणार.

“शिकायचंय काय त्यात?” बाई ताठ्यात म्हणाल्या. मोलकरणीकडून काही घेतलं, हे त्या जन्मात कबूल करणार नव्हत्या. “आमच्या घराण्याची रीत आहे. आजीपासूनची.”

“आजीपासूनची,” गेनोवेफाबाई हळूच म्हणाल्या. शाल गुंडाळून, काहीतरी काम आठवल्याचं सांगून त्या निघाल्या. खिडकीतून गितलला दिसलं, त्या घराकडे वळल्या नाहीत. चौकीच्या रस्त्याला लागल्या.

“कॉफी तशीच टाकून गेली. विचित्रच आहे मेली!”

संशय बाईंवर गेला होता. गितलला सुटल्यासारखं वाटलं, आणि स्वतःचीच किळस आली. मागचं दार उघडं होतं. ती दोन पावलं गेलीही, मग थांबली.

“बाई, तुमचा बाप्तिस्म्याचा दाखला कुठे ठेवलाय? आत्ता काढा. आजीचाही असला तर तोही. गेनोवेफाबाई चौकीकडे गेल्यात.”

“का गं?” म्हणता म्हणता बाईंचे पिठाचे हात थांबले, आणि त्या पहिल्यांदाच ब्रोन्याच्या तोंडाकडे नीट बघत राहिल्या.