दवात टाकलेल्या चादरी

रुक्माने सकाळी चादर उचलली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

हिरड्याच्या पाण्यातून काढलेली चादर कशी सरसकट पिवळी निघायला हवी. हिच्यावर काळे ठिपके होते. काही राईएवढे, काही तिळाएवढे. तिने दुसरी उचलली, तिसरी उचलली, मग धावत जाऊन पार टोकाची ओढली. सगळ्यांवर तेच. चादरींना देवी आल्यासारखं दिसत होतं.

"मायवं!" एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि ती ओल्या गवतावर मटकन बसली.

आता तुम्ही म्हणाल, चादरीच त्या, डाग पडले तर पडले, त्यात एवढं काय घाबरायचं? पण बाबांनो, या चादरी छत्तीसगडातल्या सुपेल्याच्या बाजारात विकायच्या नव्हत्या. त्या बोटीत बसून परदेशी जायच्या होत्या. लहानसहान विणकरांचा माल थेट बाहेरच्या देशात धाडायचा, असं सरकारच्या हातमाग खात्याने मनावर घेतलं होतं. रायपूरचे दुबेसाहेब जीप घेऊन विणकर शोधत फिरत होते, त्यात त्यांना रुक्मा सापडली. बायकोमाणूस एकटी जुना, मोडका माग चालवते हे पाहून त्यांना आधी हसू आलं. तिची लाल चादर हातात घेतल्यावर हसू गेलं. नमुना बाहेर गेला, पसंत पडला. खात्याने नवा माग दिला, सूत दिलं, आणि सांगितलं की माल तपासून शिक्का मारू, मग मुंबई, मग समुद्र.

सुपेल्यातल्या लोकांना वाटायचं, परदेश म्हणजे रशियाच. पोलादाचा कारखाना उभारायला आलेल्या रशियन साहेबांच्या मडमा बाजारात भेंडी निवडताना रोज दिसायच्या, दुसरा परदेश कोणी पाहिला होता? "रुक्मा रशियाले चादरी पाठवून राहिली," म्हणत बाया खिदळायच्या. खिदळोत बापड्या. रुक्माला त्या खिदळण्याचंसुद्धा बरं वाटायचं.

कारण हा नवा माग येण्याआधी ती रेजा होती. कारखान्याच्या बांधकामावर दिवसभर डोक्यावरून घमेली वाहायची. एकदा तिच्या पुढे चालणारी सत्यशीला पायाडावरच्या हलत्या फळीवरून खाली गेली. ओरडलीसुद्धा नाही. आणि जेवणाची सुट्टी संपल्यावर मुकादमाने सगळ्यांना पुन्हा त्याच पायाडावर चढवलं. ती फळी रुक्माच्या पायाखाली अजून हलायची, घरच्या सारवलेल्या जमिनीवर उभी असली तरी हलायची. माल नापास झाला तर खातं माग परत नेईल, हे साहेबांनी आधीच बजावलं होतं. माग गेला की पुन्हा घमेलं आणि पुन्हा ती फळी. आणि साहेब तपासणीला आजच यायचे होते, तिसऱ्या प्रहरी.

चुकलं कुठे, तेच तिला कळेना. सगळं तर बापाने शिकवल्यासारखंच केलं होतं. तिचा बाप पवनीकडचा, आयुष्यभर जाडंभरडं विणलेला माणूस. तो सांगायचा, लाल रंग चढवायच्या आधी चादर हिरड्यात बुडव, एक रात्र दवात टाक, म्हणजे रंग धरते. आणि हिरड्याला लोखंड शिवू देऊ नको पोरी, काळं पडते. रुक्माने बापाचा शब्द पाळला होता. हिरडा मातीच्या रांजणात भिजवला, लाकडाच्या दांड्याने ढवळला, घरातला तवा नि बादलीसुद्धा त्या बाजूला फिरकू दिली नव्हती. नमुन्याची चादर भावाच्या लग्नाला माहेरी गेली तेव्हा तिथेच रंगवली होती, अगदी अशीच. तिच्यावर एक डाग नव्हता.

तेवढ्यात शेजारची सिंधुताई आली. धोंडबा मुकादमाची बायको. घरात काही शिजलं तरी हिला आधी वास लागायचा, डाग पडल्यावर कशी मागे राहील?

"हे काय झालं वं रुक्मा?"

"मले काय ठाऊक! काल सांजेले टाकल्या तवा चांगल्या होत्या."

"कोणी आलतं का काल?"

"सुकवारा आलती. हिरडा द्याले."

"चादरीकडे पाहिलं का तिनं?"

"पाहिलं. हात लावून पाहिलं. बढिया दिखत हे म्हणे."

सिंधुताईने पदर तोंडाला लावला. मग हळूच, इकडेतिकडे बघत बोलली, "लोकं म्हणतेत थे खोटं नाई बाई. टोनही हाये थे."

टोनही म्हणजे छत्तीसगडात नुसत्या नजरेने माणूस, ढोर, पीक जाळणारी बाई. अशी बाई कोणी पाहिलेली नसते, पण तिच्या नावाने मारलेल्या बाया पुष्कळांनी पाहिलेल्या असतात. आणि सुकवारा कोण? तळ्यापलीकडे झोपडी करून राहणारी विधवा. तिचं गाव कारखान्याच्या जागेत गेलं, नवरा त्याआधीच गेला होता. जंगलातून हिरडा आणि आलाच्या, म्हणजे लाल रंगाच्या झाडाच्या, मुळ्या आणायची, रुक्माला द्यायची. कोणत्या मुळीची साल गडद लाल देते हे हात धरून दाखवायची. रुक्माला ती 'बहिनी' म्हणायची.

रुक्माने तिथेच सिंधुताईला झापायला हवं होतं. नवऱ्याशेजारी उभं राहून नागपुरात दीक्षा घेतलेली बाई ती! भूतखेत, करणी, नजर, सगळं त्या दिवशी टाकून आली होती. घरात बाबासाहेबांचा फोटो होता, रोज त्याला हार घालायची. पण भीतीने माणसाचं काय होतं बघा. डोळ्यासमोर ती फळी हलत होती, आणि दोष कोणाचा तरी असला म्हणजे आपला नसतो, एवढंच तिला कळत होतं.

"असन बी," ती म्हणाली.

'असेलही', एवढ्याच अर्थाचे दोनच शब्द. सिंधुताई ते घेऊन लगबगीने गेली. तिचं पोरगं तापाने फणफणत होतं, तेही तिला आता सुकवाराचंच काम दिसायला लागलं असणार.

रुक्मा मग डागांच्या मागे लागली. लिंबू चोळलं, राख चोळली, साबण लावला. डाग ढिम्म. हिरड्याच्या पाण्यातच काही पडलं असेल म्हणून तिने एक कोरा पांढरा फडका रांजणात बुडवून वळचणीखालच्या दोरीवर टाकला आणि त्याच्यासमोर बसून राहिली. फडका नुसता पिवळा झाला. एक ठिपका उमटला नाही. म्हणजे पाणी चांगलं होतं. मग राहिलं काय? सुकवाराचा हात. तो विचार आला आणि रुक्माच्या अंगावर सर्रकन काटा आला. स्वतःलाच शिव्या घातल्या तिने, पण विचार काही जाईना.

पहिली पाळी सुटली आणि जानराव घरी आला. तिचा नवरा कारखान्यात लोखंड कापायच्या, घासायच्या कामावर होता. सायकल भिंतीला लावून त्याने तिच्याकडे पाहिलं.

"कावून रडून राहिली?"

तिने नुसतं चादरींकडे बोट केलं. जानराव जवळ जाऊन बघून आला. मग त्याने रोजच्यासारखा सदरा काढला आणि अंगणात झटकला. फटक, फटक.

"अवो, फडक्यावर नका झटकू!" रुक्मा ओरडली.

पण सदरा झटकून झाला होता. उन्हात बारीक भुगा चमकला आणि दोरीवरच्या ओल्या फडक्यावर बसला. आणि मग दोघांच्या डोळ्यांदेखत त्या पिवळ्यावर ठिपके उमटायला लागले. आधी करडे, मग काळे. राईएवढे, तिळाएवढे.

रुक्माने मान वर केली. कारखान्याची धुराडी धूर सोडत होती आणि वारा इकडेच होता. तवा बाहेर ठेवला, बादली बाहेर ठेवली, पण आभाळातून पडणारं लोखंड कोण बाहेर ठेवणार? बापाच्या गावच्या दवात नुसतं पाणी होतं. इथल्या दवात रात्रभर कारखाना पडत होता.

ती हसली. खरंच हसली, डोळे पुसत, वेड्यासारखी. "लोखंड हाये वो! नुसतं लोखंड हाये!"

"हव, थे तं दिसून राहिलं," जानराव म्हणाला. "पण मले एक सांग, धोंडबा लोकं घेऊन तळ्याकडे कावून चालला? हातात काठ्या होत्या. कोणी टोनही सापडली म्हणते."

रुक्मा ताडकन उठली. तिने रांजणात लोटा नाही, सगळं मडकंच बुडवलं, कमरेवर घेतलं आणि धावत सुटली.

पाच-पंचवीस माणसं झोपडीसमोर जमली होती. बरीचशी पाळीवरून थेट आलेली, हातपायसुद्धा न धुतलेली. ओळखीचीच सगळी. ज्यांच्या लग्नाबारशांना ती जेवली होती, ती माणसं. तिने त्यांचे चेहरे पाहिले. फळी हलायला लागली. आपण मध्ये पडलो तर हेच लोक आपल्याकडे वळतील, हीच दुसरी टोनही म्हणतील, हे तिला लख्ख दिसत होतं. घरी निघून जावं असंही वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाटलं.

धोंडबा दाराशी उभा राहून ओरडत होता, "निकल बाहर!" रुक्माला पाहून तो थांबला.

"तुमी घरी जा रुक्माबाई. तुमचंच काम करून राहिलो आमी."

हे ऐकलं आणि ती पुढे सरली. "हात दाखव धोंडबाभाऊ," ती म्हणाली.

"काहाले?"

"दाखव म्हणतो ना मी!"

त्याने काठी बगलेत धरून नकळत हात पुढे केले. तिने मडकं त्यावर ओतलं. सगळे बघत राहिले. आधी काहीच झालं नाही. मग तळहाताच्या रेषा काळवंडल्या, नखांच्या कडा काळ्या झाल्या, बोटांच्या पेरांवर काजळी चढली. धोंडबाने घाबरून हात धोतराला पुसले. धोतरही काळं झालं.

"आता कोनाले मारतो?" रुक्मा रडत ओरडली. "हे आपल्या पिलांटचं लोखंड हाये! तुह्या हातावर हाये, ह्याच्या हातावर हाये, माह्या चादरीवर थेच पडलं. तिनं काही नाई केलं. मी खोटं बोलली. ऐकलं का, मी खोटं बोलली!"

मागचा एकजण आपलेच हात उलटसुलट करून बघायला लागला. कोणी काठी खाली टाकली. "पोराले ताप हाये ना माह्या," धोंडबा बारीक आवाजात म्हणाला.

"मंग दवाखान्यात ने न बापा," जानराव मागून येत म्हणाला. "इथं काय डाक्टर बसला हाये?"

माणसं एकेक करून मागे सरली. रुक्मा दाराशी गेली. "सुकवारा, मी हाये. उघड." आतून काही नाही. तिने दार लोटलं, ते नुसतंच लोटलेलं होतं. चूल गरम होती. भाताची पेज मडक्यात तशीच होती. मागची बांबूची ताटी आतून ढकलून मोडलेली, आणि खुंट्याला शेळीची दोरी, नुसती दोरी. रुक्माने शेतांकडे तोंड करून हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. पण ती जाणार कुठे? तिचं गाव तर भट्टीखाली गेलेलं.

परत आली तेव्हा दारात जीप उभी होती. दुबेसाहेबांच्या मागे सगळी गल्ली गोळा झाली होती, मघाची माणसंसुद्धा. रुक्माने एकही चादर लपवली नाही. डाग दाखवले, फडका दाखवला, दवाचं सांगितलं. घरून शिकलेली गोष्ट इथे चालली नाही, चूक माझी, म्हणाली. साहेबांनी चादर उन्हात धरली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "माग कोई नहीं ले जाएगा. एक महीना और देता हूँ. बाहरवालों को मैं समझा दूँगा. विभाग की तरफ से छत डलवा देंगे, सब काम अंदर करो."

माग वाचला. फळी थांबायला हवी होती. थांबली नाही.

"लेकिन हिरडा और आल फिर से लगेगा, और बढिया वाला," साहेब म्हणाले. "कौन देता है तुमको?"

"सुकवारा," रुक्मा म्हणाली. सकाळी हेच नाव तिने सिंधुताईपुढे घेतलं होतं.

"तो बुलाओ उसको. उसका भी नाम विभाग में लिखवा देंगे," साहेब खाटेवर टेकत म्हणाले.

जानराव खाली बघत होता. धोंडबाने हात पाठीमागे घेतले. कोणीच जागचं हललं नाही.